बांधलेला फ्रँक, बांधलेला नायरा

नायजेरियाचा नायरा आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन, टोगो, नायजर, सेनेगल, आयव्हरी कोस्ट या देशांत चालणारा, आधी फ्रेंच फ्रँकला आणि १९९९ पासून युरोला बांधलेला सीएफए फ्रँक यांच्या हुंडणावळीचा चाळीस वर्षांचा आलेख कुणी समोर ठेवला की वाद लगेच पेटतो. १९८५ साली अधिकृत सरासरी दराने एका नायराला सुमारे ५०० सीएफए फ्रँक मिळायचे. २०२४ साली एका नायराला अर्धा फ्रँकही मिळत नव्हता. ही घसरण पाहून एक बाजू म्हणते, फ्रान्सच्या खुंटीला बांधलेलं चलन टिकलं आणि स्वतंत्र चलनाचा हट्ट धरणाऱ्या नायजेरियाने स्वतःच्या पैशाची माती केली. दुसरी बाजू उसळून म्हणते, सीएफए हे वसाहतीचं जोखड आहे, आणि जोखडातल्या स्थैर्यापेक्षा स्वातंत्र्यातली पडझड परवडली. दोन्ही बाजू आलेख मात्र एकच दाखवतात, आणि तो खरा आहे असं धरूनच भांडतात.

मला हा वादच चुकीच्या पायावर उभा वाटतो. नायरा मोकळा होता म्हणून पडला, हे खरं नाही. गेल्या चार दशकांतली बरीच वर्षं तोही बांधलेलाच होता. फ्रँकच्या दोरीचं दुसरं टोक पॅरिसच्या तिजोरीत होतं, नायराच्या दोरीचं टोक नायजेरियाची राजधानी अबुजातल्या हुकमात. एका दोरीमागे हमी होती, दुसरीमागे फक्त ताकीद. तेव्हा ‘बांधलेलं बरं की मोकळं बरं’ हा प्रश्न बाजूला ठेवून असं विचारावं लागतं की दोर ताणलेला असताना ओझं कुणाच्या खांद्यावर होतं, आणि त्या काळात खिसे कुणाचे भरले?

चलनाचा दर हा देशाच्या इभ्रतीचा प्रश्न मानायची सवय आपल्यालाही आहे. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे तऱ्हेतऱ्हेचे रुपये चालत आणि एक देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापायचा. तोच बट्टा पुढे माणसाच्या नावाला आणि अब्रूला लागू लागला. ‘स्वातंत्र्याच्या वेळी एक रुपया म्हणजे एक डॉलर होता’ हे वाक्य आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. तेव्हा पौंडाला तेरा रुपये पाच आणे पडत होते आणि डॉलरला सव्वातीनहून थोडे जास्त. ६ जून १९६६ ला रुपया ४.७६ वरून ७.५० वर आला तेव्हा देशाचं नाक कापलं गेल्यासारखा गहजब झाला. आधीच्या वर्षांत ४.७६ च्या दराने डॉलर फक्त परमिटवाल्याला मिळत होता, ही गोष्ट त्या गहजबात बुडून गेली. पश्चिम आफ्रिकेच्या बाबतीत आज नेमकं तेच चाललं आहे.

आधी फ्रँकचं पाहू. सीएफए फ्रँक जन्मला २६ डिसेंबर १९४५ ला, आणि त्यातल्या ‘सी’चा अर्थ तेव्हा सरळसरळ ‘कॉलनी’ असा होता. सुरुवातीला एका सीएफएला १.७० फ्रेंच फ्रँक, १९४८ पासून दोन. १९६० साली फ्रान्सने आपल्या नोटांवरची दोन शून्यं काढली तेव्हा हिशेब झाला ५० सीएफएला एक नवा फ्रँक, आणि तो पुढे जानेवारी १९९४ पर्यंत हलला नाही. म्हणजे पंचेचाळीस वर्षं एकच दर. इतकं स्थिर नाणं लोकांच्या जिभेवर कसं बसतं पाहा: सेनेगलमध्ये डाकारच्या बाजारात वोलोफ बोलणारी भाजीवाली पाचशे फ्रँकचा भाव ‘शंभर देरेम’ असा सांगते. देरेम म्हणजे पाच फ्रँक. आपल्या आजीने रुपया दशमान झाल्यावरही शेवटपर्यंत आठ आणे, बारा आणेच म्हटलं, तसंच हे. अशा पैशावर लोकांचा जीव असतो, आणि ‘सीएफए टाकून द्या’ म्हणणारे ही गोष्ट फार हलक्यात घेतात.

पण स्थिर दर म्हणजे स्थिर भाव नव्हे. १९८५ नंतर डॉलर पडत गेला आणि फ्रेंच फ्रँक वर गेला. त्याच्याबरोबर, काहीही कारण नसताना, सीएफएही वर गेला. त्याच सुमारास कोकोचे जागतिक भाव कोसळले. कोको विकला जातो डॉलर-पौंडात, शेतकऱ्याला पैसे मिळतात सीएफएत. घाना आपलं चलन उतरवून शेतकऱ्याला धक्क्यातून थोडं वाचवू शकत होता. आयव्हरी कोस्टला ती सोय नव्हती. राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी यांनी आधी कोको रोखून धरून बाजाराशी झुंज दिली, ती हरले. १९८९ साली शेतकऱ्याला किलोमागे मिळणारा भाव ४०० फ्रँकवरून २०० वर आणला गेला. चलनाचं अवमूल्यन टळलं. शेतकऱ्याच्या घामाचं झालं. हुंडणावळीच्या तक्त्यात मात्र १९८९ च्या रकान्यात काहीच घडलेलं दिसत नाही.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा, त्यामुळे हा हिशेब मला पुस्तकाआधी काजूच्या पोत्यांतून कळला. आमच्या भागातल्या आणि गोव्यातल्या कारखान्यांत आफ्रिकेची बी येते, ऐंशी किलोच्या तागाच्या पोत्यांत, पोत्यावर आयव्हरी कोस्ट किंवा बेनिनचं नाव. पोतं उघडायचं, मूठभर बिया मधोमध कापून फळीवर मांडायच्या, गर किती भरतो ते बघायचं आणि मग डॉलरचा दर विचारायचा. आमचा बागायतदार म्हणतो, या बीने आमचा भाव पाडला. त्याचं दुःख खरं आहे. पण त्या पोत्यामागचा आयव्हरी कोस्टचा बागायतदारही डॉलरातला भाव सीएफएत बदलून घेतो, आणि युरो चढला की त्याच डॉलरचे त्याच्या हातात कमी फ्रँक पडतात. युरोच्या चढउताराशी त्याचा काय संबंध? फ्रान्समधून चीज किंवा मोटार मागवणाऱ्या आबिजानच्या शहरी माणसाचा आहे. बांधलेला दर त्या शहरी माणसाची खरेदी सांभाळतो, आणि त्याचं मोल बी वेचणारा देतो.

आता नायरा. १ जानेवारी १९७३ ला नायजेरियन पौंड जाऊन नायरा आला. हे नाव ओबाफेमी अवोलोवो यांनी दिलेलं. लगोलग तेलाचे भाव चौपट झाले आणि नायरा डॉलरहून महाग राहिला. १९८१ नंतर तेल उतरलं, तरी दर तिथेच धरून ठेवला गेला. नायराला ५०० फ्रँक हा १९८५ चा आकडा, ज्याच्यावरून आज उसासे टाकले जातात, तो त्या धरून ठेवलेल्या दराचा आकडा आहे. बेनिनमध्ये कोतोनूच्या दांतोक्पा बाजारात किंवा सेमेच्या सीमानाक्यावर नायराची गड्डी घेऊन जाणाऱ्याला त्याचा लहानसा हिस्सा मिळायचा. १९८४ साली मुहम्मदू बुहारींच्या लष्करी राजवटीने देशाबाहेर गेलेला नायरा मारायला सीमा बंद करून नोटांचे रंग बदलले, तेव्हा सीमेपलीकडे नायरात पुंजी ठेवणाऱ्यांच्या हातात कागद उरले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नेपाळ-भूतानच्या बाजारांत आपल्या नोटांचं काय झालं हे आठवलं तर त्या व्यापाऱ्यांची अवस्था सांगावी लागत नाही. शेवटी सप्टेंबर १९८६ मध्ये पुढचे लष्करशहा इब्राहिम बाबांगिडांच्या काळात बाजाराला वाट दिली गेली, आणि वर्षभरात अधिकृत सरासरी दर पंचाहत्तर फ्रँकांवर आला. ही घसरण एका वर्षाची नव्हती. ती चार-पाच वर्षं दाबून ठेवलेली होती.

दोन्ही चलनांची गोष्ट एकत्र वाचायची तर एकच महिना पुरेसा आहे: जानेवारी १९९४.

फ्रँकच्या बाजूला तयारी आदल्या वर्षीपासून सुरू होती. ऑगस्ट १९९३ मध्ये सीएफए वापरणाऱ्या देशांबाहेर गेलेल्या नोटा परत विकत घेणं थांबवलं गेलं, आणि नायजेरियाच्या सीमेवरच्या सराफांचा श्वास अडकला. सप्टेंबरात फ्रान्सचे पंतप्रधान एदुआर बालादुर यांनी कळवलं की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार नसेल तर यापुढे मदत नाही. अवमूल्यनाला आयुष्यभर विरोध करणारे उफुए-ब्वान्यी ७ डिसेंबरला गेले. पाच आठवड्यांनी, ११ जानेवारीला, डाकारमध्ये आफ्रिकी नेते जमले. नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेसू आणि फ्रान्सचे सहकारमंत्री मिशेल रूसँ हजर होते. रात्री जाहीर झालं की फ्रेंच फ्रँकला आता ५० नव्हे, १०० सीएफए. त्याच महिन्यात नायजेरियात नव्याने सत्तेवर आलेल्या सानी अबाचांनी अर्थसंकल्पातून उलटा हुकूम काढला: बाजार बंद, डॉलरला २२ नायरा, यापुढे हाच दर.

आता तक्ता वाचा. १९९३ मध्ये एका नायराला अधिकृत दराने तेराएक फ्रँक. १९९४ मध्ये पंचवीस. म्हणजे कागदावर नायरा एका वर्षात फ्रँकच्या दुप्पट बळकट झाला! आणि नायजेरियातली त्या वर्षीची भाववाढ? सुमारे ५७ टक्के. पुढच्या वर्षी ७२ टक्क्यांच्या वर. अवमूल्यन झालेल्या आयव्हरी कोस्टमध्ये १९९४ ची भाववाढ २६ टक्के, सेनेगलमध्ये ३२; दोन वर्षांत ती एक आकड्यावर आली. ज्याचा दर ‘निम्मा’ झाला तिथे धक्का बसून गेला, ज्याचा दर ‘राखला’ गेला तिथे घराघरातली भाकरी महाग होत राहिली. १९९५ पासून नायजेरियात दुसरा, ऐंशीच्या पुढचा दर अधिकृतपणे चालू झाला, पण २२ चा दर सरकारी कामासाठी जिवंत ठेवला गेला. ज्याची ओळख, त्याला २२ ने डॉलर. तोच डॉलर रस्त्यावर ऐंशीने. कारखाना नको, शेत नको, एका कागदावर सही मिळाली की जवळजवळ चौपट. नायजेरियाच्या चलनाने मार खाल्ला तो बाजारामुळे, असं जे म्हणतात, त्यांनी या दोन दरांमधल्या खिंडीत कोण उभं होतं ते पाहावं. स्वातंत्र्य वापरलं म्हणून हे झालं का? की स्वातंत्र्य मूठभरांना वाटून टाकलं म्हणून?

सीएफएच्या समर्थकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा भाववाढीचा आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. १९९४ चा धक्का ओसरल्यावर या देशांत भाव बहुतेक वर्षं दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच वाढत आले. नायजेरियात डिसेंबर २०२४ मध्ये हा आकडा ३४ टक्क्यांच्या वर होता. पगारावर जगणाऱ्यासाठी हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. २०२३ च्या सुरुवातीला नायजेरियाचं किमान वेतन ३०,००० नायरा होतं. अधिकृत दराने त्याचे चाळीस हजारांच्या आसपास फ्रँक झाले असते. जुलै २०२४ मध्ये ते ७०,००० झालं, आणि वर्षअखेरीला त्याचे जेमतेम अठ्ठावीस हजार फ्रँक होत होते. वेतन दुपटीहून वाढलं आणि माणूस गरीब झाला. हे ज्याच्या पदरी आलं त्याला चलनाच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान देण्याची माझी हिंमत नाही.

तरीही या घसरणीचा दोष २०२३ च्या निर्णयावर टाकणं म्हणजे पूर आला म्हणून शेवटच्या थेंबाला शिव्या देणं. नवे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी २९ मे २०२३ ला पेट्रोलची सवलत संपल्याचं सांगितलं आणि जूनमध्ये डॉलरचे वेगवेगळे दर एकत्र केले. पण त्याआधी काय चाललं होतं? २०१५-१६ मध्ये सव्वा वर्षाहून अधिक काळ डॉलर २०० नायराच्या आत दाबून धरला, बाहेर तीनशेच्या वर गेला तरी. २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने काळ्या बाजाराचा रोजचा भाव छापणाऱ्या संकेतस्थळावरच सट्टेबाजीचा आरोप केला आणि त्याने भाव छापणं थांबवलं. ताप मोजायची नळी काढून घेतली, ताप तसाच राहिला. आठ वर्षं धरून ठेवलेलं ओझं एका जूनमध्ये खाली आलं तर ते पगारदाराच्याच पायावर पडणार. दर सोडणं बरोबर होतं. तो इतका उशिरा सोडणं, आणि सोडताना गरिबाच्या हाताखाली काही न ठेवणं, हा अन्याय होता.

आणि सीएफएचं स्थैर्य तरी कुणाच्या तुलनेत? कोतोनूपासून लागोस शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, पॅरिस हजारो किलोमीटरवर. बेनिनचा बाजार नायजेरियावर जगतो: तांदूळ बंदरात उतरतो, त्यात आपल्याकडचा उकडा तांदूळही भरपूर असतो, आणि मोठा वाटा सीमा ओलांडतो, जुन्या मोटारी तशाच जातात, उलट दिशेने, सवलत होती तोवर, नायजेरियाचं स्वस्त पेट्रोल काचेच्या बाटल्यांतून आणि कॅनमधून रस्त्याकडेला यायचं, त्याला तिकडे ‘क्पायो’ म्हणतात. नायरा पडला की नायजेरियन गिऱ्हाइकाची ऐपत संपते आणि दांतोक्पातला कापडवाला दिवसभर बसून राहतो. त्याचा फ्रँक युरोसमोर ६५५.९५७ वर १९९९ पासून दशांशानेही हललेला नाही. ज्या गिऱ्हाइकावर त्याचं पोट आहे, त्याच्या पैशासमोर मात्र तो दर आठवड्याला हलतो. हे स्थैर्य त्याच्या धंद्याचं नाही, फ्रान्सशी व्यवहार करणाऱ्याचं आहे.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा सार्वभौमत्वाचा, आणि तोही खोटा नाही. नोटा फ्रान्समधल्या शामालिएरला छापायच्या, परकीय गंगाजळीचा १९७३ पासून ६५ टक्के आणि २००५ पासून ५० टक्के भाग फ्रेंच खजिन्यात ठेवायचा, संचालक मंडळावर फ्रेंच प्रतिनिधी बसवायचे. स्वतंत्र देशाने हे का सोसावं? नेपाळचा रुपयाही १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० ने बांधलेला आहे, पण तो निर्णय काठमांडूत होतो आणि काठमांडू तो मोडू शकतं. सीएफएचं तसं नव्हतं. गिनीने १९६० मध्ये स्वतःचं चलन काढलं तेव्हा फ्रेंच गुप्तचरांनी खोट्या नोटा सोडून ते बुडवायचा प्रयत्न केला. पुढे त्यांच्यातल्याच माजी अधिकाऱ्याने ते मान्य केलं. हा राग शिळा होणारा नाही, आणि तो होऊ नये.

पण रागाने निघालेलं चलन गरिबाचं होतंच असं नाही. माली १९६२ मध्ये सीएफएतून बाहेर पडला, १९६७ मध्ये त्याला स्वतःचा फ्रँक निम्मा करावा लागला, आणि १९८४ मध्ये दोन माली फ्रँकांना एक सीएफए या दराने तो परत आला. घानाचं उदाहरण तर जास्त बोचणारं आहे. तिथली सेडी पूर्ण स्वदेशी होती आणि १९८३ पर्यंत डॉलरला २.७५ वर रोखलेली होती. बाजारात तिची किंमत इतकी कमी की कोकोवाला शेतकरी रात्री माल सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टला नेऊन सीएफएत विकायचा. साठच्या दशकात साडेपाच लाख टनांच्या पुढे गेलेलं घानाचं कोको १९८३-८४ मध्ये एक लाख साठ हजार टनांच्या आसपास आलं. इथे पॅरिस कुठे होतं? शेतकऱ्याला खोट्या दराने पैसे देऊन त्याचं डॉलरातलं उत्पन्न राजधानीत वाटायचं, हे काम अक्रानेही तितक्याच निर्दयपणे केलं.

आता ‘इको’ या सामाईक चलनाची चर्चा चालू आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आबिजानला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्राँ आणि आयव्हरी कोस्टचे राष्ट्राध्यक्ष अलासान वतारा यांनी सुधारणा जाहीर केल्या. फ्रेंच खजिन्यातली सक्तीची ठेव गेली, फ्रेंच प्रतिनिधी गेले, युरोशी बांधलेला दर तसाच राहिला. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाने इकोसाठी २०२७ हे साल धरलं आहे. मधल्या काळात मालीवर जानेवारी २०२२ मध्ये निर्बंध आले तेव्हा या देशांच्या डाकारमधल्या सामाईक मध्यवर्ती बँकेने त्याची आर्थिक नाडी आवळली आणि मालीला कर्जाचे हप्ते चुकवावे लागले. माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रसमूहातून बाहेर पडले, फ्रान्सला रोज शिव्या घालतात, आणि पगार अजून सीएफएतच देतात. या चलनातून निघणं किती अवघड आहे ते यावरून दिसतं.

मला सीएफए जायला हवा आहे. पण जो इको येईल त्यात नोटेवर कुणाचं चित्र आणि दर युरोला की डॉलरला, यापेक्षा दोन कलमं मला महत्त्वाची वाटतात. मध्यवर्ती बँकेने कोणत्या दराने किती परकीय चलन कुणाला विकलं ते दर महिन्याला नावानिशी छापायचं. आणि दर बदलला तर सरकारी खरेदीतल्या पिकाचा भाव त्याच दिवशी, त्याच प्रमाणात बदलायचा. हे लिहून घेतलं नाही तर ११ जानेवारी पुन्हा येईल. कोकोचा मुख्य हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालतो. ती तारीख त्याच्या ऐन मध्यातली. ज्या शेतकऱ्याने नाताळाआधी बी विकून टाकलं होतं त्याच्या हातात जुन्या भावाचे फ्रँक होते, आणि ज्याच्या गोदामात ते बी पडून होतं त्याच्यासाठी एका रात्रीत फ्रँकातली किंमत दुप्पट झाली होती.